ओडेट पुलिऑट स्वतःहून गेली नव्हती

बुधवारी पहाटे चार वाजून चाळीस मिनिटांनी ओडेट पुलिऑट अंड्यांचा दुसरा ट्रे फोडत होती. अमेरिकेतल्या मेन राज्यात, वेस्ट टर्नबी गावच्या पुलाजवळ पेट्रोलपंपाला लागून असलेलं हे दुकान पाचला उघडतं, आणि पाचलाच जंगलात लाकूड तोडायला जाणारे लोक दारात उभे असतात. त्यांना अंड्याचं सँडविच आणि कॉफी हवी असते आणि बोलायचं नसतं. ओडेटला ते बरं वाटायचं. त्या बुधवारी तर फारच बरं वाटलं, कारण दहा वाजता तिची सुनावणी होती आणि तिला स्वतःला कोणाशी बोलायची इच्छा नव्हती.

साडेपाचच्या सुमाराला वेन हार्लो आला. बुटांच्या कारखान्यात तो हातशिलाईच्या हॉलचा मुकादम होता. कारखाना होता तेव्हा. आता त्याला इतक्या लवकर उठायचं काही कारण नव्हतं, पण अंगवळणी पडलेली वेळ सुटत नव्हती.

"दहाला ना?" त्यानं विचारलं.

"दहाला."

"मलाही फोन येणार आहे. कंपनीकडून साक्षीदार म्हणून."

ओडेटनं कॉफीचा कप त्याच्यासमोर ठेवला. "काय सांगणार आहेस?"

"विचारतील तेवढं."

"आणि त्यांनी विचारलंच नाही तर?"

वेननं कपाचं झाकण दोनदा दाबून बसवलं. "माझे अजून काही हप्ते यायचेत, ओडेट. कंपनी बंद करताना दिले ना सुपरवायझर लोकांना, ते. त्याच्यावर सही आहे माझी. कंपनीला त्रास होईल असं काही बोलायचं नाही."

"खरं बोलायचं नाही असं लिहिलंय त्याच्यात?"

"तसं कोणी लिहीत नाही. पण वाचलं की कळतं."

"मग कॉफीचे पैसे ठेव आणि जा. मागे लोक उभे आहेत."

मागे एकच माणूस उभा होता, आणि त्यालाही घाई नव्हती.

ओडेटची मागणी काय होती ते एका वाक्यात सांगता येतं. आपलं काम गेलं, आपण ते सोडलं नाही, एवढं सरकारनं मान्य करावं. तिचं वय चोपन्न. त्यातली एकतीस वर्षं तिनं मोकॅसिन बुटांची पुढची शिलाई हातानं घातली होती. ती शिलाई, बोटांच्या भोवती चुण्या पाडून घातलेली, मशीनला जमत नाही. लाकडी साच्यावर ओलं चामडं ताणायचं, आरीनं भोक पाडायचं, एकाच दोऱ्याच्या दोन टोकांच्या दोन सुया समोरासमोरून त्यात घालायच्या आणि दोन्ही हात पंखांसारखे फैलावून दोरा ओढायचा. म्हणून हॉलमधली बाकं लांब लांब असत. नवीन माणूस पहिल्या आठवड्यात शेजाऱ्याच्या कानशिलात एकदा तरी ठेवून द्यायचाच. जोड्यांवर मजुरी मिळायची. ओडेटचा हात चालता असताना गावातल्या हायस्कूलच्या मास्तरापेक्षा ती जास्त कमवायची, आणि हे ती मास्तरांच्या तोंडावर सांगायची.

या हॉलमध्ये एक रीत होती. तिला 'जागा देणं' म्हणत. मागणी कमी झाली की कंपनी माणसं कमी करायची, सर्वांत नवीन माणूस सर्वांत आधी. पण त्या नवीन माणसाच्या घरी तान्हं मूल असेल तर जुन्यांपैकी कोणीतरी उठायचं. शुक्रवारी भोंगा झाला की ती बाई, किंवा तो बाप्या, आपलं स्टूल उलटं करून बाकावर ठेवायचा. मुकादमाला ते दिसायचं. सोमवारी नवीन माणूस आपल्या बाकावर असायचा आणि जुना माणूस घरी. चार-सहा आठवड्यांनी मागणी वाढली की जुन्याला बोलावणं यायचं आणि तो येऊन स्वतःचं स्टूल स्वतः सरळ करायचा. आभार मानायची पद्धत नव्हती. ज्याची जागा वाचली त्यानं दर शनिवारी जागा देणाऱ्याच्या घरी घेवड्याच्या भाजलेल्या दाण्यांचं भांडं पोचवायचं, एवढंच. ओडेट तेवीस वर्षांची असताना, मोठा मुलगा पाळण्यात असताना, फर्नांद नावाच्या एका म्हातारीनं तिला अशी जागा दिली होती. ओडेटनं सहा शनिवार भांडं पोचवलं. सहाही वेळा फर्नांदनं दाण्यांत गूळ जास्त झाला म्हणून नाव ठेवलं.

कंपनीला ही रीत माहीत होती आणि चालत होती. मजुरीच्या हिशेबाचं काम गावातल्याच एक बाई करत. ज्याला जावं लागे त्याच्या नावापुढे त्या 'काम नाही म्हणून' असं लिहीत. कोण उठलं आणि कोणासाठी, याची चौकशी त्यांनी कधी केली नाही. माणसं चार कमी करायची असली की चार कमी होत. हिशेब जुळत होता.

मग कारखाना विकला गेला. नव्या मालकांनी हिशेबाचं काम दुसऱ्या राज्यातल्या एका कचेरीत हलवलं. त्याच उन्हाळ्यात दोन माणसं कॅमेरा घेऊन हॉलमध्ये आली आणि हातशिलाई करणाऱ्यांच्या हातांचं चित्रीकरण करून गेली. गुणवत्ता सुधारण्यासाठी, असं सांगण्यात आलं. ओडेटला त्यांनी हळू काम करायला सांगितलं, मग आणखी हळू, मग डाव्या बाजूनं पुन्हा एकदा. ती नवऱ्याला घरी म्हणाली, "एकतीस वर्षं लवकर आवर म्हणून सांगत होते. आज पहिल्यांदा हळू कर म्हणाले." तिचा नवरा नॉर्मंड गावचा बर्फ उपसायचं वाहन चालवायचा. तो म्हणाला, "कोणाला तरी शिकवायचंय त्यांना." ओडेटला वाटलं, नॉर्मंडला प्रत्येक गोष्टीत काहीतरी काळंबेरं दिसतं.

ऑक्टोबरअखेर चार माणसं कमी करायचा हुकूम आला. चौथं नाव क्रिस्टल डोयॉनचं होतं. वय चोवीस, घरी आठ महिन्यांची मुलगी, आणि नवरा असा की तो असून नसल्यासारखा. ओडेटनं शुक्रवारी स्टूल उलटं केलं. हरणांच्या शिकारीचा हंगाम तोंडावर होता. नॉर्मंडबरोबर चार आठवडे रानात जाता येईल, नोव्हेंबरअखेरचा थँक्सगिव्हिंगचा सण झाला की बोलावणं येईल, असा तिचा हिशेब होता. सोमवारी ती दुपारी आपली आरी न्यायला कारखान्यात गेली तेव्हा वेननं तिच्यासमोर एक कागद ठेवला.

"सही कर इथे. नेहमीचंच."

"नेहमी कुठे सही असते?"

"आता ती नवी कचेरी आहे ना. त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये चार नावं ठरलेली आहेत. त्यातलं एक आत राहिलं आणि बाहेरचं एक गेलं तर कॉम्प्युटर ते घेत नाही. म्हणून तुझ्यापुढे 'स्वेच्छेनं' टाकलंय. चार आठवड्यांचा तर प्रश्न आहे."

ओडेटनं सही केली. अशी चूक वेस्ट टर्नबीबाहेर कोणी केली नसती. बाहेरच्या माणसानं आधी विचारलं असतं की बोलावणं आलं नाही तर काय. त्या हॉलमध्ये हा प्रश्न विचारणं म्हणजे मुकादमाला खोटारडा म्हणणं होतं.

बोलावणं आलं नाही. डिसेंबरात नोटीस लागली आणि नाताळाच्या आधी कारखाना बंद झाला. साचे, आऱ्या, चामडं कापायचे ठसे लाकडी खोक्यांत भरून डोमिनिकन रिपब्लिकला गेले. खोकी भरायचं काम शेवटच्या तुकडीकडून करून घेतलं. क्रिस्टल त्या तुकडीत होती. फेब्रुवारीत बातमी आली की सरकारनं कामगारांचा अर्ज मान्य केला. या कारखान्याचं काम परदेशी गेलं हे खरं, म्हणून परदेशी व्यापारामुळे रोजगार गमावणाऱ्यांसाठी असलेली केंद्र सरकारची मदत इथल्या कामगारांना मिळेल. नव्या कामाच्या शिक्षणाची फी, पुस्तकं, आणि शिकत असताना घर चालावं म्हणून दर आठवड्याला भत्ता. गावात या मदतीला सगळे नुसतं 'ट्रेड' म्हणतात.

चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये बैठक झाली. खुर्च्या कमी पडल्या. सरकारी रोजगार केंद्रातून डेबरा स्टिन्सन आली होती. शेजारच्या गावातली मुलगी, तिची आई याच कारखान्यात बुटांचे डबे भरायच्या खात्यात होती. ती एकेकाला नाव विचारून आपल्या यादीत खूण करत होती. ओडेटची पाळी आली तेव्हा तिची पेन्सिल खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली.

"मिसेस पुलिऑट, तुम्ही कारखाना सोडला होता ना?"

"सोडला कुठे? मला जावं लागलं."

"इथे स्वेच्छेनं असं आहे."

"ते नुसतं लिहायला लिहिलंय. मी क्रिस्टलला जागा दिली."

"म्हणजे?"

ओडेटनं सांगितलं. मागच्या रांगेतल्या दोघींनी मध्येच आणखी सांगितलं. डेबरानं सगळं ऐकून घेतलं, आणि तिला ते खरं वाटलं हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"मला पटतं," ती म्हणाली. "पण माझ्या पटण्यावर नाही. काम नाही म्हणून ज्यांना काढलं त्यांच्यासाठी हा कायदा आहे. स्वतःहून गेलेल्यांसाठी नाही."

"माझं बाक कुठे आहे, डेबरा?"

"काय?"

"मी स्वतःहून गेले ना. मग माझं बाक तिथं असायला हवं. कोणी तरी बसलेलं असायला हवं त्याच्यावर. चल, दाखव मला."

त्याचं उत्तर सगळ्यांनाच माहीत होतं. बाक जाळायला नेलं होतं गावातल्या कोणीतरी, सुकं लाकूड होतं.

ओडेटला काय शिकायचं होतं तेही तिनं ठरवलेलं होतं. घरं गरम ठेवणाऱ्या तेलाच्या भट्ट्या दुरुस्त करायचं काम. मेन राज्यात हिवाळा सहा महिने असतो आणि जवळजवळ प्रत्येक घराच्या तळघरात अशी भट्टी असते. ती दुरुस्त करणारे निम्मे लोक म्हातारे झाले आहेत. पंचवीस मैलांवरच्या कम्युनिटी कॉलेजात नऊ महिन्यांचा वर्ग होता, एप्रिलअखेर सुरू होणारा. तिथला शिक्षक तिचे हात बघून म्हणाला होता, तुला येईल. तेल विकणाऱ्या एका दुकानदारानं शिकून आलीस तर घेतो म्हणून सांगितलं होतं. नॉर्मंडनं चेष्टा केली होती. "एवढी वर्षं आपली भट्टी बिघडली की मला शिव्या देत होतीस. आता स्वतःलाच द्याव्या लागतील."

ती नावनोंदणीसाठी रोजगार केंद्रात गेली. डेबरानं नाव घेतलं नाही. जी बाई पात्र नाही तिचं नाव या योजनेत घालता येत नाही. मात्र 'पात्र नाही' या निर्णयाविरुद्ध दाद मागता येईल, असं तिनंच सुचवलं, अर्जही तिनंच भरून दिला. तिनं आणखी एक गोष्ट सांगितली. कारखान्याचा अर्ज मान्य झाल्यापासून ठरावीक आठवड्यांत शिक्षणाला नाव घातलं नाही तर भत्ता मिळत नाही. मुदत एप्रिलच्या मध्याला संपते.

"म्हणजे मी तुझ्याकडे मुदतीत आलेय," ओडेट म्हणाली.

"आलायत तुम्ही."

"आणि तू मला परत पाठवतेयस."

"मला पाठवावं लागतंय."

क्रिस्टलला 'ट्रेड' मिळालं. सगळं मिळालं. ती दाताच्या डॉक्टरकडे मदतनीस व्हायचं शिकायला लागली. आपल्याला ते मिळालं आणि ओडेटला नाही, ही गोष्ट तिला इतकी लागली की ती दर शनिवारी दाण्यांचं भांडं आणत राहिली. खरं तर कारखाना बंद झाला तेव्हाच ती रीत संपली होती. गावातल्या फ्रेंच घरांत मावशीला 'तांत' म्हणतात. क्रिस्टल ओडेटला तांतच म्हणायची, नातं काही नसताना.

"तांत, मी जाऊन सांगते त्यांना. माझं काढा आणि हिला द्या."

"तुझं काढतील," ओडेट म्हणाली. "आणि मलाही देणार नाहीत. दोघींना रस्त्यावर बसवून ते म्हणतील, आता नियम सगळ्यांना सारखा झाला. तू अभ्यास कर. आणि दाण्यांत गूळ कमी घाल."

तर असा तो मार्चअखेरचा बुधवार. ओडेट नऊला दुकानातून घरी आली. अंगाला तळणाचा वास येतो म्हणून तिनं ब्लाउज बदलला. सुनावणी फोनवर आहे, कोणाला वास येणार नाही, असं नॉर्मंड म्हणाला. तिनं तरीही बदलला. क्रिस्टल मुलीला कडेवर घेऊन आली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. दहाला फोन वाजला. नॉर्मंडनं स्पीकर लावला आणि तोंड मिटून भिंतीशी उभा राहिला. एवढा वेळ तो आयुष्यात गप्प राहिला नव्हता.

सुनावणी घेणारे गृहस्थ थकलेल्या आवाजाचे पण सभ्य होते. कंपनीच्या बाजूनं एक बाई बोलत होत्या. त्या कंपनीतल्या नव्हत्या. अशा सुनावण्या लढवून देणारी एक वेगळीच कंपनी असते, तिथल्या. वेस्ट टर्नबीचा उच्चार त्यांनी दोन वेळा दोन तऱ्हेनं केला. वेन त्याच्या घरून फोनवर होता. त्याचा श्वास ऐकू येत होता.

आधी क्रिस्टलची साक्ष झाली.

"तुम्ही स्वतः काय पाहिलं तेवढंच सांगा," गृहस्थ म्हणाले.

"स्टूल पाहिलं."

"स्टूल?"

"उलटं ठेवलेलं. बाकावर. तांत ओडेटचं."

कंपनीच्या बाई म्हणाल्या, "स्टूल उलटं ठेवणं म्हणजे तुमच्याकडे राजीनामा समजतात का?"

"राजीनामा देणारं माणूस स्टूल सरळच टाकून जातं," क्रिस्टल म्हणाली. "परत यायचं असतं म्हणून उलटं ठेवायचं. बसायची गादी खराब होऊ नये म्हणून."

"पण त्यांना जायला कोणी सांगितलं नव्हतं, बरोबर?"

"मला सांगितलं होतं. ती माझ्याऐवजी गेली."

"म्हणजे त्यांना सांगितलं नव्हतं. धन्यवाद."

क्रिस्टलच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलीनं तेवढ्यात टेबलावरचा चमचा खाली टाकला. गृहस्थांनी विचारलं, काय झालं. नॉर्मंड म्हणाला, "चमचा." सबंध सुनावणीत तो एवढंच बोलला.

मग कंपनीच्या बाईंनी वेनला तीन प्रश्न विचारले. मिसेस पुलिऑट यांचं नाव कमी करायच्या यादीत होतं का? नव्हतं. त्यांनी कागदावर स्वतः सही केली का? केली. त्या दिवशी त्या सही न करता राहिल्या असत्या तर त्यांचं काम राहिलं असतं का?

"राहिलं असतं," वेन म्हणाला. "नाताळापर्यंत."

"नाताळापर्यंतचं मी विचारलं नाही."

"नाही विचारलं."

गृहस्थ म्हणाले, "मिसेस पुलिऑट, तुम्हाला साक्षीदाराला काही विचारायचं असेल तर विचारू शकता."

तिला हे माहीत नव्हतं. कोणी सांगितलं नव्हतं. तिनं टेबलावरच्या फोनकडे पाहिलं, समोर वेनच बसला असावा तसं.

"वेन, तुला त्या शुक्रवारी किती माणसं कमी करायला सांगितलं होतं?"

"चार."

"सोमवारी किती कमी होती?"

"चार."

"त्या चारांत मी होते का?"

कंपनीच्या बाई म्हणाल्या, हा प्रश्न यादीबाबत आहे की हजेरीबाबत, ते स्पष्ट व्हावं. गृहस्थ म्हणाले, साक्षीदाराला उत्तर देऊ द्या.

"होतीस," वेन म्हणाला.

"माझ्या जागी तू दुसरं कोणी घेतलंस का?"

"नाही. घ्यायचं नव्हतंच. माणसं कमी करायची होती."

"तू मला परत बोलावणार होतास का?"

"बोलावणार होतो," वेन म्हणाला. "मागणी आली असती तर. दर वेळी बोलावलंय. हे स्वेच्छेनं वगैरे मी टाकलं, तो कॉम्प्युटर घेत नव्हता म्हणून. तिच्या इच्छेचा काही संबंध नाही. काम नव्हतं. चार माणसांचं काम नव्हतं आणि चार माणसं गेली."

कंपनीच्या बाईंनी विचारलं की मिस्टर हार्लो यांनी कंपनीशी केलेला करार त्यांना आठवतो का. गृहस्थ म्हणाले, त्याचा इथे संबंध नाही. वेन म्हणाला, "आठवतो."

निर्णय टपालानं कळेल, असं सांगून गृहस्थांनी फोन ठेवला. किती दिवसांत, असं ओडेटनं विचारलं होतं. कचेरीवर कामाचा ताण आहे, पण शक्य तितक्या लवकर, असं उत्तर मिळालं. ओडेटनं मुदतीचं सांगितलं. ते म्हणाले, ती वेगळ्या खात्याची बाब आहे.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला वेन दुकानात आला. ओडेटनं कॉफी दिली. त्यानं पैसे ठेवले, तिनं घेतले. त्या दोघांत त्या विषयावर झालेलं बोलणं असं.

"तीनच प्रश्न विचारायचे होते म्हणे त्या बाईंना," वेन म्हणाला. "आधी सांगून ठेवलं होतं मला."

"मी पाच विचारले."

"मोजले मी."

"हप्ते थांबवतील का?"

"बघू. बायको म्हणते, बर्फ उपसायला नॉर्मंडला माणूस हवा असेल."

"एप्रिल आला, वेन. बर्फ संपला."

"म्हणून तर म्हटलं बघू."

निर्णयाचं पाकीट एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आलं. ओडेट जिंकली होती. तिनं काम सोडलं नव्हतं, काम नव्हतं म्हणून ती गेली, असं सरकारनं मान्य केलं होतं. मजकूर स्वच्छ, सरळ, अर्ध्या पानाचा. नॉर्मंडनं तो मोठ्यानं वाचला. दुसऱ्यांदा वाचताना तो पहिल्या ओळीतल्या तारखेपाशी थांबला. भत्त्याची मुदत त्याआधी पाच दिवस संपली होती.

ओडेट दुपारी रोजगार केंद्रात गेली. डेबरा उभी राहिली, अभिनंदन म्हणाली, आणि मग बसली.

"फी मिळेल," ती म्हणाली. "पुस्तकंही. त्याला अडचण नाही."

"आणि भत्ता?"

"भत्त्यासाठी मुदतीत शिक्षणाला नाव घातलेलं असावं लागतं."

"मी आले होते. तू घेतलं नाहीस."

"तेव्हा तुम्ही पात्र नव्हतात."

"आणि आता?"

"आता आहात."

"कधीपासून?"

डेबरानं निकालपत्र पाहिलं. "ऑक्टोबरपासून," ती म्हणाली. "काम गेलं त्या दिवसापासून."

"म्हणजे मी फेब्रुवारीत पात्र होते."

"निकालाप्रमाणे, हो."

"मग मी पात्र असताना, मुदतीत, तुझ्यासमोर या खुर्चीवर येऊन बसले होते."

"हो."

"मग?"

"नोंद नाही," डेबरा म्हणाली. "मी केली नाही. मला करता येत नव्हती." तिचा आवाज खाली गेला. तिनं वरच्या कचेरीला फोन करून विचारलं होतं, सकाळीच, ओडेट यायच्या आधी. सवलत देता येते, पण कामगारानं कारण नसताना उशीर केला नसेल तर. उशीर कोणी केला ते ठरवायला दुसरा अर्ज, दुसरी सुनावणी. ती साधारण जूनमध्ये लागेल.

ओडेट आवाज चढवून बोलली नाही. जे घडलं त्यात एकही माणूस तिच्याशी उद्धटपणे वागला नव्हता, आणि हीच गोष्ट तिला सहन होत नव्हती. कॉम्प्युटर चार नावं सोडून पाचवं घेत नाही. डेबरा अपात्र बाईचं नाव घेत नाही. सुनावणीवाल्यांना मुदत बघायची नाही, मुदतवाल्यांना सुनावणी. प्रत्येकाच्या टेबलावर प्रत्येकाचं बरोबर होतं. कारखाना उचलून समुद्रापार न्यायला कोणाला दुसरी सुनावणी लागली नाही. तिथं कोणाची मुदत चुकली नाही. ज्या बाईचे हात कॅमेऱ्यात भरून घेऊन गेले, तिला मात्र आपण ते काम सोडलं नाही हे सिद्ध करायला एप्रिल उजाडला. आणि सिद्ध झाल्यावर सरकार म्हणतं, बरोबर आहे तुमचं, पण उशीर केलात.

"तो अर्ज दे," ती म्हणाली. "जूनचा."

डेबरानं दिला. ओडेटनं तो तिथंच भरला, आणि 'उशिराचं कारण' या रकान्यात लिहिलं: डेबरा स्टिन्सनला विचारा. डेबरानं ते वाचलं आणि खोडायला सांगितलं नाही. खाली आपली सही करून शिक्का मारला.

वर्ग सोडायचा का, हा प्रश्न रविवारी जेवताना निघाला. नॉर्मंड म्हणाला, भत्ता नाही तर पगार हवा, पगार हवा तर दुकान हवं, दुकान हवं तर वर्ग कसा. जूनपर्यंत थांब. पुढच्या वर्षी पुन्हा वर्ग निघेल.

"पुढच्या वर्षी मी पात्र असेन का, ते कोण सांगेल?" ओडेट म्हणाली. "फी मंजूर झालीय. ती मी आज घेणार."

"आणि झोपणार कधी?"

"तू बर्फाच्या दिवसांत झोपतोस कधी?"

"मी फक्त बर्फाच्या दिवसांत झोपत नाही. तू नऊ महिने म्हणतेयस."

"मग नऊ महिने माझ्याशी कमी बोल."

तिनं दुकानाच्या मालकिणीला फोन केला. पाच ते साडेसात, फक्त सकाळची पाळी, आणि शनिवारी पूर्ण दिवस, असं ठरलं. पगार निम्म्याहून कमी होईल. जूनमध्ये काय निकाल लागेल ते कोणालाच माहीत नाही, डेबराला तर नाहीच.

उद्या सोमवार. दुकान पाचला उघडेल. ओडेट साडेसातला ॲप्रन काढेल आणि कॉलेजात तेलभट्टी दुरुस्तीचा पहिला तास साडेआठला सुरू होईल.